फाइल उघडली होती

चाकणच्या ज्या कंपनीत मी नऊ वर्षं काढली, तिथे मला माझ्या हुद्द्याने कुणी ओळखत नसे. कागदोपत्री मी क्वालिटी विभागातली, रेकॉर्ड सांभाळणारी. पण प्रेस शॉपपासून कँटीनपर्यंत सगळे म्हणायचे, ट्रिकवाल्या मॅडमना विचारा. प्रिंटर अडला, विचारा. एक्सेलचा तक्ता एका पानावर बसत नाही, विचारा. मुलाच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना साइट फोटो घेत नाही, विचारा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आम्ही गाड्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट बनवत होतो. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या शंभर छोट्या कंपन्यांतली एक. कॉम्प्युटर जुने, आणि त्यांवरचं एकूणएक सॉफ्टवेअर चोरीचं. एकदा ग्राहक कंपनीने ऑडिटच्या आधी कळवलं की सगळं सॉफ्टवेअर रीतसर हवं. प्लँटच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, काहीतरी मार्ग काढा, पण खरेदीचा विषय काढू नका. मी आठवडाभर खपून एकेक मशीन साफ केलं आणि त्यांवर फुकट मिळणारं, पण चोख कायदेशीर असं सगळं बसवलं. लिहायला आणि हिशेबाला मोफत ऑफिस, पीडीएफ जोडायचं आणि तोडायचं एक छोटं टूल, फोटो लहान करायचं एक, मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच असलेला कीबोर्ड. ऑडिटच्या दिवशी साहेबांनी ते स्वतःचं धोरण म्हणून सांगितलं. मी मागे फाइल धरून उभी होते. मला तेव्हा त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. माझं काम साहेबांना स्वतःचं म्हणावंसं वाटलं, यातच मी खूश.

मग मला चेव चढला. दर सोमवारी अर्ध्या कागदावर जाड अक्षरात एक युक्ती छापून मी ती कँटीनमध्ये हात धुवायच्या नळावर चिकटवू लागले, कारण तिथे प्रत्येकाला अर्धा मिनिट उभं राहावंच लागतं. चुकून बंद झालेला टॅब परत हवा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल, म्हणजे मशीनला कुलूप. विंडोज आणि व्ही दाबलं की मघापासून कॉपी केलेलं सगळं यादीने समोर. चिंचवडहून कंपनीची बस सुटली की मोशी येईपर्यंत मी पुढच्या सोमवारचा विचार करत बसायची. घरी नवरा म्हणायचा, तुला पगार याचा मिळतो का त्याचा.

माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी म्हणजे स्टोअरचे काका. मूळचे निघोज्याचे. त्यांच्या घरची जमीन एमआयडीसीत गेली आणि त्यांना आमच्या कंपनीत नोकरी लागली, ती ते अठरा वर्षं करत होते. आलेला माल, गेलेला माल, नाकारलेला माल, सगळं एका लांबलचक रजिस्टरमध्ये. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. मग वरून हुकूम आला की रजिस्टर बंद, नोंदी कॉम्प्युटरवर. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस माउसला हात लावताना आधी हात पँटला पुसायचा.

जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं मी त्यांना द्यायला लागले. पहिला महिना नुसता माउस धरण्यात गेला. ते चिडायचे नाहीत, पण घामाघूम व्हायचे. मग एक दिवस मी त्यांना कंट्रोल आणि अर्धविराम दाबायला सांगितलं. चौकटीत आजची तारीख आपोआप आली. शिफ्टही दाबलं तर घड्याळातली वेळ. काकांनी ते चार वेळा करून पाहिलं.

"म्हंजी आज तारीख काय हाय त्ये ह्येला ठावं हाय," ते म्हणाले. "आन मी अठरा वर्सं कॅलेंडर बघत बसलो."

त्या दिवसापासून त्यांना कॉम्प्युटर गवसला. प्रत्येक नोंदीपुढे ते तारीख घालायचे आणि तिच्यापुढे वेळही. वेळ कुणी मागितली नव्हती. मी म्हटलंसुद्धा, काका, वेळेची गरज नाही. तर म्हणाले, ऱ्हाऊ द्या ताई, आसंल तर बिघडतंय काय. शेवटी एक 'शेरा' म्हणून रकाना मी त्यांच्या तक्त्यात करून दिला होता. रजिस्टरमध्ये लिहीत तसंच ते त्यात लिहायचे, पूर्ण वाक्यात, मराठीत. आधी मला ते मॅडम म्हणायचे. तक्ता जमायला लागला तशी मी ताई झाले.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ब्रॅकेटचा एक लॉट खराब निघाला. पत्रा जिथे वाकवतात तिथे केसासारखी चीर. लाइनवर तपासणाऱ्याने तो नाकारला, काकांनी त्यावर लाल पट्टी लावून तो नाकारलेल्या मालाच्या जाळीत ठेवला. त्याच दुपारी ग्राहक कंपनीकडून फोनावर फोन. त्यांची लाइन थांबायला आली होती, मालाची गाडी लगेच हवी होती. आणि तो लॉट गेला. कसा गेला हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या दिवशी ऑफिसात नकाशांच्या पीडीएफ जोडत होते.

पंधरा-वीस दिवसांनी तक्रार आली. त्यांच्या गाड्यांत बसवलेले ब्रॅकेट तडकले होते. अपघात झाला नाही, हे नशीब. त्यांचा क्वालिटीचा माणूस येऊन बसला आणि त्याने सरळ विचारलं, तुमच्याकडे या लॉटची नोंद काय आहे. स्टोअरच्या मशीनवर त्या महिन्याची फाइल शोधली, तर फाइलच नव्हती. रिसायकल बिनमध्ये नाही, कुठेच नाही. त्या मशीनचा पासवर्ड तिन्ही शिफ्टला माहीत होता. कुलूप लावायची युक्ती नळावर चिकटवून मला वर्ष झालं होतं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले की स्टोअरवाल्याला कॉम्प्युटर नीट येत नाही, त्याच्याच हातून उडाली असणार. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, उडालेली फाइल परत काढता येते, मी काढून देते. आजही मला त्या वाक्याचं नवल वाटतं. मी काकांसाठी ते बोलले नव्हते. त्या बाहेरच्या माणसासमोर मला माझी विद्या दाखवायची होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि म्हणाले, उत्तम. काढा आणि थेट माझ्याकडे आणून द्या.

फाइल उडाली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. मशीन फक्त तिचा पत्ता विसरतं, मजकूर डिस्कवर तसाच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून ते मशीन मी लगेच बंद करायला लावलं. डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि एक मोफत रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. काका माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांना मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. दोन तास डिस्क कुरकुरत होती. मग यादी आली, नावं सगळी बिघडलेली, नुसते आकडे. मी एकेक उघडून बघत गेले आणि सातव्या की आठव्या फाइलला काकांचा तक्ता उघडला. अख्खा. त्यांच्या तारखा, त्यांच्या वेळा.

त्या लॉटची ओळ होती. सकाळी अकरा चाळीस, वाकवल्या जागी चीर, लॉट नाकारला, जाळीत ठेवला. आणि शेऱ्यात पुढे, दुपारी सव्वादोनची वेळ घालून काकांनी लिहिलं होतं, 'साहेबांनी समक्ष येऊन सांगितल्यावरून गाडीत भरला. मी नको म्हटले होते.'

मी ते वाचलं. काकांनीही माझ्या खांद्यावरून वाचलं, ओठ हलवत.

"झालं तर मग," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे खुर्ची ओढून बसले. मला म्हणाले, ताई, तुमच्या हाताला यश हाय.

मी फाइल एका पेन ड्राइव्हवर घेतली. आणखी एका पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, ती माझ्या पर्समध्ये. त्यात काही डाव नव्हता. महत्त्वाच्या कुठल्याही गोष्टीची मी दुसरी प्रत ठेवतेच, हाताला वळणच तसं.

साहेबांनी केबिनमध्ये फाइल त्यांच्या मशीनवर उघडली, ती ओळ वाचली, बंद केली. आवाज चढवला नाही. उलट मला बसायला सांगितलं. नवऱ्याच्या नोकरीचं काय झालं, असं विचारलं. नवऱ्याची भोसरीतली कंपनी बंद पडून तेव्हा सात महिने झाले होते आणि तो घरी होता, हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. मग म्हणाले की हा कागद बाहेर गेला तर ग्राहक आपल्याकडचं कामच काढून घेईल, इथल्या अडीचशे माणसांच्या चुली आहेत, त्यांत तुमचीही आहे.

"फाइल खराब निघाली, उघडली नाही, एवढंच म्हणायचंय तुम्हाला," ते म्हणाले. "असं होतंच ना, मॅडम? फुकटची सॉफ्टवेअरं."

मी म्हटलं, होतं सर, कधीकधी.

एवढंच बोलले मी. नंतर मी त्या वाक्याला पुष्कळ कारणं जोडली. अडीचशे माणसं, नवरा, मुलीची बारावी. पण त्या खुर्चीत बसले असताना त्यातलं काहीसुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं. मला फक्त साहेबांच्या समोरून उठायचं होतं, आणि तसंच, चांगली बाई म्हणून, उठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं की आमच्या मॅडमनी खूप प्रयत्न केला, पण फाइल खराब झाली आहे. ग्राहकाच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो हुशार होता, त्याने विचारलं की थोडीसुद्धा उघडत नाही का. मी म्हटलं, नाही सर, डिस्क जुनी आहे. तांत्रिक दोन-तीन शब्दही घातले. ते मला चांगले येतात.

काका बाहेर बाकड्यावर बसून होते. आत बोलावतील तर आपण जे पाहिलं ते सांगायचं, म्हणून सकाळपासून. त्यांना बोलावलं नाही. चार दिवसांनी त्यांना पत्र मिळालं, नाकारलेल्या मालाची नोंद ठेवली नाही, नाकारलेला माल गाडीत भरला. मग नेहमीचं. चौकशी लावू की स्वतःहून राजीनामा देता. काकांनी राजीनाम्यावर सही केली, तीही त्या वळणदार अक्षरात. राजीनामा टाइप केलेला होता. कुणी केला असेल, ते सांगायला नको. मला फक्त मजकूर दिला होता, आणि मी तो कागदावर छान मधोमध बसवून दिला.

त्यांच्या शेवटच्या दिवशी ते गेटजवळ, बस उभी राहते तिथे, माझी वाट बघत थांबले होते. मला वळून दुसऱ्या बसकडे जायचं होतं, पण त्यांनी हाक मारली.

"ताई, फाइल तर उघडली व्हती न्हवं? मी पाह्यली ना."

"उघडली होती काका," मी म्हटलं. "पण साहेबांकडे नेईपर्यंत खराब झाली. परत उघडलीच नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे बोलतील. मग त्यांनी मान हलवली आणि मलाच धीर दिला. आसू द्या, म्हणाले, मशीनच ती, तुमी तरी काय करनार, तुमी दोन तास खपला माज्यासाठी. मी बसमध्ये चढले. बस हलली तरी ते हात वर करून उभे होते.

मी त्या बसमध्ये स्वतःची समजूत घातली की काकांना सगळं कळलं आहे, पण मोठ्या मनाने ते मला मोकळं करत आहेत. असं मानणं सोयीचं होतं. दोघांनाही खरं माहीत आहे, मग लपवलं असं कुठे झालं?

पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली. सिस्टीम कोऑर्डिनेटर. माझ्या नळावरच्या कागदाला कंपनीने फ्रेम करून दिली आणि वर कंपनीचं चिन्ह लावलं. ग्राहक कंपनीचे लोक आले की साहेब त्यांना ती फ्रेम दाखवायचे. स्टोअरमध्ये नवा माणूस आला. त्याच्या तक्त्यातून शेऱ्याचा रकाना काढून टाकायला मला सांगण्यात आलं, मी काढून टाकला. सोमवार आला की मी जुन्याच युक्त्या पुन्हा छापायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग नवऱ्याला रांजणगावला काम लागलं, आणि मग, सगळं सुरक्षित झाल्यावर, मला ते बोचायला लागलं. आधी नाही.

दीड वर्षाने मी ती नोकरी सोडली आणि माण गावातल्या एका ऑफिसात लागले. साहेबही मोठ्या कंपनीत गेले होते, चढत्या पदावर. दुसरी प्रत असलेला पेन ड्राइव्ह घरी कपाटात, जुन्या चार्जरांच्या डब्यात होता. एका रविवारी तो घेऊन मी निघोज्याला गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, आता नेऊन काय करणार. मी म्हटलं, त्यांचं त्यांना देऊन टाकते.

काकांचं घर शोधायला लागलं नाही. मूळ घरापुढे भाडेकरूंच्या खोल्या ओळीने बांधलेल्या, तारेवर कंपन्यांचे युनिफॉर्म वाळत घातलेले. पहिल्याच खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि काका. बाहेर दोन बायका कागद घेऊन बसलेल्या. ते लोकांचे फॉर्म भरून देत होते. सातबारा काढायचा, पीडीएफ जोडायची, फोटो बसेल एवढा लहान करायचा. सगळी टूल्स तीच, मी नऊ वर्षं लोकांना फुकट वाटलेली. मला बघून ते उठले, आत आवाज दिला, ताई आल्यात, चहा ठेव. बायकांना सांगितलं, ह्या माज्या गुरू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा झाला. बायकांचं काम त्यांनी उरकून दिलं. मग मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हटलं, काका, यात ती फाइल आहे.

त्यांना आधी समजलंच नाही. त्यांनी तो लावला, फाइल उघडली. चष्मा वर केला, परत खाली केला. ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, 'मी नको म्हटले होते'पर्यंत. मग विचारलं, ही कधी दुरुस्त झाली.

"ती खराब झालीच नव्हती," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. केबिन, मीटिंग, राजीनाम्याचा मजकूर. मी रडलेसुद्धा, आणि रडताना मला बरं वाटत होतं, हे मी कबूल करते. ही फाइल घेऊन तुम्ही लेबर ऑफिसला जा, मी साक्ष देईन, असंही म्हटलं. दोन वर्षांनी, साहेब गेल्यावर, मी दुसरीकडे लागल्यावर.

काका पडद्याकडे बघत होते. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिने ऐकलं होतं.

"मला वाटत व्हतं, खरंच खराब झाली आसंल," ते म्हणाले. "मी घरात बी त्येच सांगितलं. गावात इचारलं, तितं बी. ताईनी लई केलं, मशीनीनं घात केला. दोन वर्सं मी ह्येच सांगत आलो."

मी म्हटलं, काका, मला माफ करा.

"आता म्या काय सांगू लोकांस्नी?" ते म्हणाले.

रागाने नव्हे. खरोखर विचारत होते. म्हणजे गेटपाशी त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, साधा, पुरा विश्वास, आणि नोकरी गेल्यावर दोन वर्षं तेवढं एक त्यांच्याजवळ शाबूत होतं. ते मी आत्ता येऊन काढून घेतलं. माझं ओझं उतरावं म्हणून.

त्यांनी फाइल बंद केली. पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढला नाही, आधी कॉम्प्युटरला सांगून, मी शिकवलं होतं तसा नीट काढला, आणि माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, तुमच्याकडे राहू द्या. ते म्हणाले, नगं. त्यांच्या बायकोने माझा कप उचलला आणि आत निघून गेली.

तेवढ्यात एक माणूस मुलीचा उत्पन्नाचा दाखला घेऊन आला. स्कॅन केलेला कागद आडवा आला होता, साइट घेत नव्हती. काका त्याच्याकडे वळले. म्हणाले, बस, करून देतो. मी निघते म्हटलं, त्यांनी मान हलवली, पण पडद्यावरची नजर काढली नाही. मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला, चपला घातल्या. कुणी बाहेर आलं नाही.

रस्त्यावर येऊन मी रिक्षाची वाट बघत बराच वेळ उभी राहिले. रविवार असूनही कंटेनर एकामागून एक जात होते. रिक्षा आली तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, कुठं जायचं, आणि मी पर्समधला पेन ड्राइव्ह चाचपला.